आरएक्स १००चा पुढचा ब्रेक: डिस्कच्या मागे लागण्याआधी ड्रम उघडा

चोपडा तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न आहे. वडिलांची १९९३ची यामाहा आरएक्स १००, एमएच १९ पासिंगची. इंजिन ठणठणीत आहे, पण पुढचा ड्रम ब्रेक त्याच्याच शब्दांत "लागस, पन गाडी थांबत नही". रोज जळगावला ये-जा असते, आणि वर्षातून काही वेळा बायकोला मागे बसवून तोरणमाळ. धुळ्याचा एक ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, पुढच्या शॉकअपला लोखंडी पट्टी वेल्ड करून दुसऱ्या गाडीची डिस्क एका दिवसात बसवून देतो. बसवावी का, की ड्रमच सुधारता येईल?

भाऊ, वेल्डिंगची पट्टी लावून डिस्क बसवू नका. हे सगळ्यात आधी सांगतो, बाकीचं मग निवांत वाचा.

तुमच्या शॉकअपचा खालचा बॉटम ॲल्युमिनियमचा ओतीव आहे. त्याला लोखंडी पट्टी वेल्ड होतच नाही. ॲल्युमिनियमची पट्टी लावली तरी आचेने तो भाग मऊ पडतो, आतलं भोक वाकडं होतं आणि पाइप त्यात अडकायला लागतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या पट्टीवर येणारा जोर. हिशोब करून बघा. गाडी आणि दोन माणसं मिळून २४० किलो धरा. जोरात ब्रेक मारल्यावर पुढच्या टायरने रस्त्यावर ९०० न्यूटन, म्हणजे साधारण ९० किलो वजनाइतका जोर घेतला. टायरची त्रिज्या २९ सेंटीमीटर. २४० मिमीच्या डिस्कवर पॅड घासतो ती त्रिज्या ११ सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे कॅलिपरला (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाला) धरून ठेवणाऱ्या पट्टीवर सुमारे २४० किलो वजनाइतका ओढा आला. हा ओढा प्रत्येक ब्रेकला येणार आणि सुटणार. वेल्डिंगच्या कडेला बारीक चीर पडते, ती रंगाखाली दिसत नाही आणि वाढत जाते. एक दिवस पट्टी सुटते, कॅलिपर आऱ्यांमध्ये घुसतो आणि चाक जागेवर जाम होतं. पुढचं चाक जाम झालं की सावरायला वेळ मिळत नाही.

आता ड्रमचं बोलू, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच आहे.

आरएक्स १०० ही शंभर किलोच्या आसपासची, ९८ सीसीची गाडी. एवढ्या वजनाला आणि वेगाला चांगल्या अवस्थेतला ड्रम पुरतो. तुम्ही आज दाबताय तो मात्र कंपनीने दिला होता तो ब्रेक राहिलेला नाही. तीस वर्षांत केबल दोन-चारदा बदलली असेल, तीही मिळेल ती. शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे ते दोन तुकडे, प्रत्येक वेळी वेगळ्या कंपनीचे पडले असतील. ड्रमला घासून कडा आली असेल, शू फाकवणारा कॅम झिजला असेल. प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा जोर गळतो आणि टायरपर्यंत निम्माच पोचतो. त्यातून काय होतं ते आकड्यात सांगतो. ८० किलोमीटरच्या वेगाने जाताना वेग सेकंदाला ४ मीटर प्रति सेकंदाने उतरत असेल, तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत साधारण ६२ मीटर लागतात. तोच ६ने उतरला तर ४१ मीटर. मधल्या २१ मीटरमध्ये, टेललाइट नसलेली केळीची ट्रॉली रात्री समोर आली, तर ती अख्खी मावते.

चाक काढण्याआधी केबल बघा. पुढच्या ब्रेकच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या ड्रमच्या गाड्यांत मला सगळ्यात जास्त वेळा दोष इथेच सापडतो, आणि सगळ्यात कमी वेळा लोकांना इथे शंका येते. खालून केबल ब्रेकच्या आर्मपासून, म्हणजे ड्रमबाहेरच्या छोट्या दांडीपासून, सोडा आणि आतली तार हाताने पुढेमागे ओढा. कुठेही खरखर लागली, अडकली, किंवा हँडल डावी-उजवी वळवल्यावर ओढा बदलला, तर केबल गेली. तेल सोडून वाचवत बसू नका, नवी टाका. स्वस्त केबलचं बाहेरचं आवरण मऊ असतं. लिव्हर दाबला की तार ओढली जाण्याऐवजी आवरणच दबतं. हे डोळ्यांनी दिसतं: कोणाला तरी लिव्हर जोरात दाबायला सांगा आणि हेडलाइटच्या मागे केबलचं वळण बघा. वळण हललं, फुगलं, तर तुमच्या बोटांचा जोर तिथे खर्ची पडतोय. नवी केबल जुन्याच वाटेने, जुन्याच क्लिपांमधून न्या. लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिमी मोकळी चाल ठेवा.

मग आर्म बघा, म्हणजे ड्रमच्या प्लेटबाहेरची ती छोटी दांडी, जिला केबल ओढते. ब्रेक पूर्ण लागलेला असताना केबल आणि आर्म यांच्यात काटकोन असायला हवा. शू झिजले की आर्म काटकोनाच्या पुढे जाते आणि तेवढ्याच ओढ्यात कॅमला कमी पीळ मिळतो. गॅरेजमध्ये यावर एक जुगाड सर्रास चालतो: आर्म काढायची आणि कॅमच्या दात्यांवर एक दाता मागे बसवायची. लिव्हर लगेच कडक लागतो, गिऱ्हाईक खूश. पण शू संपत आल्याची खूण त्यामुळे झाकली जाते, आणि शू फारच झिजले असतील तर कॅम पलटी खाऊन उभा राहतो. मग ब्रेक लागतो तो सुटत नाही. कॅमच्या दांड्यावर आणि आर्मवर पंचाची बारीक खूण असते. त्या दोन खुणा समोरासमोर नसतील तर कोणीतरी हा उद्योग करून ठेवलाय असं समजा.

आता चाक काढा. प्लेट उचलण्याआधी तोंडाला मास्क लावा, आणि ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या शूच्या लायनरमध्ये (शूवरच्या घासणाऱ्या थरात) ॲस्बेस्टॉस असायचं आणि त्याची धूळ फुफ्फुसाला कायमची इजा करते. ओल्या फडक्याने पुसून घ्या, फडकं पिशवीत बांधून टाकून द्या. आमच्या धंद्यातली माणसं ही गोष्ट हसण्यावारी नेतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

शूवर काळपट चकाकी आली असेल तर लायनर जळून कडक झालंय. पॉलिश पेपर मारून दोन आठवडे बरं वाटेल, पुन्हा तेच. तेलकट असेल तर हबचं ऑइल सील गेलंय. सील आणि शू दोन्ही नवे, कारण लायनरमध्ये मुरलेलं ग्रीस पेट्रोलने धुऊन निघत नाही. ते वरून कोरडं दिसतं आणि ड्रम तापला की पुन्हा बाहेर येतं.

ड्रमच्या आत बोट फिरवा. बाहेरच्या काठाला पायरी लागते का? नाळ्या पडल्यात का? गाडी हळू चालवताना ब्रेक धरल्यावर लिव्हर बोटांखाली धडधडतो का? धडधडत असेल तर ड्रम गोल राहिलेला नाही. आपल्याकडे काळ्या मातीचा चिखल ड्रममध्ये शिरतो, वाळतो आणि पुढे पॉलिश पेपरचं काम करतो, त्यामुळे नाळ्या लवकर पडतात. ड्रम लेथवर साफ करता येतो, पण दोन अटी आहेत. ड्रमवर किंवा मॅन्युअलमध्ये जो कमाल व्यास दिलेला असतो, त्याच्या पुढे जायचं नाही. मूळ मापापेक्षा साधारण १ मिमीपर्यंतच मुभा असते. १३० मिमीचा ड्रम १३१ झाला की तो हब संपला. दुसरी अट बहुतेक लेथवाल्यांना माहीत नसते: आधी आरे ताणून रिम सरळ करून घ्यायची आणि मगच, आऱ्यांसकट अख्खं चाक लेथवर चढवून ड्रम कातायचा. आऱ्यांच्या ताणाने हब किंचित ओढला जातो. सुटा हब गोल कातला आणि नंतर आरे कसले, तर तो पुन्हा लंबगोल होतो आणि मजुरी वाया जाते. १८ इंची चाक फिरेल एवढा मोठा, गॅप बेडचा लेथ जळगावच्या किंवा भुसावळच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये शोधावा लागेल. तेवढी पायपीट करा.

ड्रम मोठा झाला की बाजारातला नवा शू त्यात पूर्ण टेकत नाही, मधेच टेकतो. याला उपाय आहे, थोडा चिकाटीचा. ड्रमच्या आत ८० नंबरचा पॉलिश पेपर दुहेरी टेपने चिकटवा. प्लेट शूसकट आत बसवा, आर्म हाताने हलकी दाबून धरा आणि प्लेट थोडी थोडी फिरवा. बाहेर काढून बघा: घासलेला भाग फिकट दिसेल, न टेकलेला गडद. लायनरच्या तीन चतुर्थांश भागावर फिकट रंग आला की थांबा. पेपरच्या जाडीपुरता फरक राहतो, तो चालवताना शू स्वतः भरून काढतात. सुरुवातीला फक्त मधली एक पट्टी फिकट झालेली दिसेल. तेवढ्याच पट्टीवर तुम्ही आजवर गाडी थांबवत होतात.

कॅमच्या दांड्याला आणि शूच्या खुंटीला जास्त तापमानाचं ग्रीस, अगदी पातळ थर. जास्त लावलं तर ते लायनरवर जातं. कॅम प्लेटमधल्या भोकात डुगडुगत असेल तर लेथवाल्याकडून बुश (धातूची छोटी नळी) घालून घ्या, नाहीतर कॅम तिरका होऊन एकाच शूला ढकलतो. एका कॅमच्या ड्रममध्ये एक शू चाकाच्या फिरण्याबरोबर ड्रममध्ये ओढला जातो आणि दुसरा मागे ढकलला जातो. पहिलाच जास्त काम करतो, म्हणून तो नीट टेकणं महत्त्वाचं. बुलेटच्या काही मॉडेलना दोन कॅमचा ड्रम येतो, त्यात दोन्ही शू ओढले जातात. तुमच्या गाडीच्या वजनाला तो खटाटोप करायची गरज नाही.

चाक परत बसवताना दोन गोष्टी चुकवू नका. प्लेटवरची खाच शॉकअपच्या बॉटमवरच्या उंचवट्यात बसलीच पाहिजे. तोच उंचवटा प्लेटला फिरण्यापासून अडवतो. खाच बाहेर राहिली तर पहिल्याच ब्रेकला प्लेट चाकाबरोबर गरकन फिरते, केबल तुटते, चाक अडकते. मग एक्सलचा नट ढिलाच ठेवून चाक हाताने जोरात फिरवा, फिरत असताना लिव्हर घट्ट दाबा, आणि दाबून धरलेला असतानाच नट कसा. यामुळे शू ड्रमच्या बरोबर मधोमध येतात. एवढ्या साध्या कामाने लिव्हरचा लिबलिबीतपणा निम्मा गेलेला मी कितीतरी गाड्यांवर पाहिलाय.

टायर. पुढचा २.५० बाय १८चा अरुंद टायर आहे, ब्रेक कितीही चांगला केला तरी थांबवायचं काम शेवटी तोच करतो. त्याच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. पाच-सहा वर्षांपेक्षा जुना असेल तर नक्षी शाबूत असली तरी बदला. आपल्याकडच्या उन्हात रबर लवकर कडक होतं.

एवढं सगळं करूनही डिस्कच हवी, असं तुमचं मत झालं तर मी त्याच्या विरोधात नाही. चिखलपाण्यात डिस्क लवकर कोरडी होते, घाटात कमी दमते. पण मग अर्धवट काम नको. कॅलिपरसाठी मुळातच ओतीव कान असलेला शॉकअप, त्याचीच टी (दोन्ही शॉकअप धरणारा भाग), त्याच गाडीचा हब, एक्सल, डिस्क, कॅलिपर, मास्टर सिलिंडर (लिव्हर दाबल्यावर ब्रेकच्या तेलाला दाब देणारा भाग) आणि लिव्हर, सगळं एकाच मॉडेलचं घ्या. चेसिसच्या मानेत बेअरिंग बसतं का, शॉकअपची लांबी जुन्याइतकी आहे का, हँडल पूर्ण वळल्यावर शॉकअपचा पाइप टाकीला लागतो का, हे आधी मोजा. शॉकअप आखूड पडला तर गाडीचं नाक खाली जातं आणि हँडल वेगात चंचल होतं. स्पीडोमीटरची केबल तुमच्या गाडीत पुढच्या चाकातून येते, नव्या हबला तिची सोय आहे का तेही बघा. जुन्या बाजारातून डिस्क घेताना तिच्यावर कोरलेली किमान जाडी वाचा आणि व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या साधनाने) मोजा. डिस्कचे बोल्ट मूळचेच वापरा, हार्डवेअरच्या दुकानातले साधे बोल्ट तिथे चालत नाहीत.

मास्टर सिलिंडरबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय: मोठ्या गाडीचा मोठा मास्टर लावला की ब्रेक जोरदार लागतो. होतं नेमकं उलट. लिव्हरवर तुम्ही जो जोर देता तो मास्टरच्या पिस्टनच्या क्षेत्रफळावर वाटला जातो. क्षेत्रफळ लहान तितका तेलाचा दाब जास्त. १४ मिमीच्या पिस्टनचं क्षेत्रफळ १५४ चौरस मिमी, १२.७ मिमीचं १२७. कॅलिपर तोच ठेवून १४चा मास्टर काढून १२.७चा लावला तर त्याच बोटांच्या जोरात सुमारे २१ टक्के जास्त दाब मिळतो, बदल्यात लिव्हर जास्त आत येतो. मोठ्या मास्टरने लिव्हर दगडासारखा लागतो, लोकांना तो दमदार वाटतो, आणि गाडी मात्र थांबत नाही. म्हणूनच मास्टर आणि कॅलिपर ही जोडी फोडू नका.

ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४, मास्टरच्या झाकणावर लिहिलेलं असेल ते, आणि सीलबंद डब्यातलं. हे तेल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शोषल्यावर ही मर्यादा १५५वर येते. उकळलं की वाफ होते, वाफ दबते, आणि लिव्हर हँडलला टेकतो. म्हणून दर दोन वर्षांनी बदला. टाकीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उडतो. हवा काढून झाल्यावरही लिव्हर मऊ वाटला तर तो रात्रभर दाबून बांधून ठेवा, अडकलेले बारीक बुडबुडे वर येतात. होज, म्हणजे तेलाची नळी, रबरी आणि जुना असेल तर नवा टाका. स्टीलच्या जाळीचा घेतलात तर लिव्हर आणखी नेमका लागेल.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन अधिनियम १९८८च्या कलम ५२नुसार, कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल परस्पर करता येत नाही. तुमच्या वयाच्या गाडीला दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदणीसाठी उभं राहावं लागतं. अख्खा पुढचा भाग बदलणार असाल तर आधी आरटीओत विचारून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर हा विषय निघाला तर त्रास तुम्हालाच आहे.

तोरणमाळसाठी वेगळं सांगतो. टू-स्ट्रोक इंजिनाला थ्रॉटल सोडल्यावर ओढ कमी, त्यामुळे उतारावर सगळा भार ब्रेकवर येतो. दोन माणसांसकट २४० किलोची गाडी घाटात ५०० मीटर खाली आली, तर जवळपास १२ लाख ज्यूल ऊर्जा निघते. साडेतीन लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी. त्यातला मोठा वाटा दोन ड्रमना पोटात घ्यावा लागतो. ड्रम तापला की फुगतो, शूपासून लांब जातो आणि लिव्हरची चाल वाढते. तेव्हा रस्त्याच्या कडेला उभं राहून ॲडजस्टर कसू नका. ड्रम थंड झाला की आकसतो, शू आवळले जातात आणि चाक अडतं. गाडी वीस मिनिटं उभी करा, पाणी ओतू नका. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच्या एक खालच्याच गिअरमध्ये राहा, ब्रेक सतत घासत ठेवण्याऐवजी दाबा-सोडा करा. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतरायची सवय असेल तर ती आजच सोडा.

नवे शू टाकल्यावर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर हळूहळू रुळवा. मोकळ्या रस्त्यावर ४०च्या वेगावरून १०वर आणा, सोडा, थोडं चालवून ड्रम थंड होऊ द्या, पुन्हा. लगेच जोराचा ब्रेक मारलात तर नव्या लायनरला पुन्हा तीच चकाकी येईल. आणि ब्रेक सुधारल्यावर हातालाही नव्याने शिकवावं लागेल. १ एप्रिल २०१९पासून नव्या दुचाकींना एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) किंवा सीबीएस (दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, तुमच्या गाडीत त्यातलं काहीच नाही. लिव्हर एकदम खेचू नका. आधी हलका दाबा, गाडीचं नाक खाली बसू द्या, मग जोर वाढवा. पहिले दोन दिवस मागे कोणाला बसवू नका.

तर क्रम असा ठेवा: या रविवारी केबल आणि आर्मच्या खुणा, नंतर चाक. ड्रमचा व्यास व्हर्नियरने दोन दिशांनी काटकोनात मोजा आणि दोन्ही मापं मला कळवा. दोन्हींत ०.२ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर लेथ लागेलच. माप कमाल व्यासाच्या जवळ आलं असेल तर शू घेण्याआधी हब बघावा लागेल.